खेळाडूचा झाला गुरू

सावरपाड्याची कविता राऊत आपल्या हरसूलकडे सगळ्यांना ठाऊक आहे. २०१० साली दिल्लीला राष्ट्रकुल खेळ झाले. त्यांत दहा हजार मीटरच्या शर्यतीत तिने तिसरा नंबर काढला. कांस्यपदक मिळवले. त्याच साली चीनमध्ये आशियाई खेळ झाले. तेथून तिने रुपेरी पदक आणले. पाय कविताचे, दमही कविताचा. पण नाशिकला विजेंदर सिंग नावाचे गुरू तिला शिकवीत होते. शिष्येचे नाव घरोघर गेले. गुरूचे नाव किती जणांना ठाऊक आहे?

आज अशाच एका गुरूची गोष्ट वाचू. हे गुरू आधी स्वतः मोठे खेळाडू होते. खेळ फुटबॉलचा, मुलूख गोव्याचा.

गोवा म्हणजे कोकणाच्या खाली, समुद्राकाठी. आपल्याकडे जशी कबड्डी, तसा तिकडे फुटबॉल. अकरा गडी इकडे, अकरा तिकडे. चेंडूला पाय लावायचा, डोके लावायचे, हात लावायचा नाही. हाताची मुभा फक्त गोलीला, म्हणजे गोल राखणाऱ्याला. खेळ दीड तास चालतो.

१९८२ साली गोव्यात क्लिफर्ड मिरांडा जन्मला. पोरवयातच तो जमशेदपूरला गेला. तेथे टाटांची फुटबॉलची शाळा आहे. मुले तेथेच राहतात, जेवतात, शिकतात आणि खेळतात. आपल्या आश्रमशाळेसारखेच म्हणा ना! २००० साली तो तयार होऊन गोव्याला परत आला आणि धेंपो संघात खेळू लागला. या संघाने २००५ ते २०१२ या काळात देशातली मोठी स्पर्धा पाच वेळा जिंकली. क्लिफर्ड त्या संघात होता. भारताच्या संघातूनही तो खेळला.

पण पायाचे वय लवकर सरते. शेतकरी साठीतही नांगर धरतो. फुटबॉलवाल्याला पस्तिशीत मैदान सोडावे लागते. गुडघे कुरकुरतात, तरणी पोरे पुढे पळतात. मग करायचे काय? पुष्कळ खेळाडू नोकरी धरतात. काही नुसते जुन्या सामन्यांच्या गप्पा सांगत पारावर बसतात. मिरांडांनी तसे केले नाही. ते पुन्हा विद्यार्थी झाले.

हो, विद्यार्थी! चांगले खेळणे वेगळे आणि शिकवणे वेगळे. बाई भाकरी झरझर थापते. पण पोरीला शिकवताना तिलाही थांबून सांगावे लागते, पीठ किती, पाणी किती, हात कसा फिरवायचा. फुटबॉल शिकवणाऱ्याला कोच म्हणतात. त्याच्यासाठी वर्ग असतात, परीक्षा असतात. पास झाला की दाखला मिळतो. दाखल्याच्या पायऱ्या आहेत. डी, मग सी, मग बी, मग ए. सगळ्यांत वर प्रो. मिरांडा त्या पायऱ्या चढत गेले. देशासाठी खेळलेला माणूस पुन्हा वही-पेन्सिल घेऊन बाकावर बसला. त्याची लाज कसली?

एफसी गोवा नावाचा संघ आहे. त्याच्या होतकरू पोरांना मिरांडा शिकवू लागले. २०२० च्या जानेवारीअखेर मोठ्या संघाच्या स्पॅनिश कोचला काढले. स्पर्धा तर अर्ध्याहून पुढे गेलेली. संघ मिरांडांच्या हाती आला. १९ फेब्रुवारीला सामना होता जमशेदपूरला, जेथे ते पोरवयात शिकले त्याच गावी. गोव्याने पाच गोल केले, समोरच्यांना एकही करू दिला नाही. गोवा गुणांत पहिला आला आणि त्याला ढाल मिळाली. पुढे उपान्त्य फेरीत चेन्नईच्या संघाने त्यांना हरवले, तेही खरे.

२०२३ साली मिरांडा ओडिशाच्या संघाचे कोच झाले. २५ एप्रिलला कोझिकोडला अंतिम सामना झाला. ओडिशाने बंगळुरूला दोन विरुद्ध एक असे हरवून सुपर कप जिंकला. त्याच साली भारताच्या तेवीस वर्षांखालच्या संघाची जबाबदारीही त्यांच्यावर आली.

ही झाली मोठ्या मैदानाची गोष्ट. लहान पोरांना शिकवायचे कसे, ते आता पाहू. ते आपल्या पाड्यावरही उपयोगी पडेल.

आठ-दहा वर्षांच्या पोरांना अकरा-अकरात उभे करू नये. मैदान मोठे, पोर लहान. दोन दांडगी पोरे सगळा वेळ चेंडू पळवतात आणि बाकीची उभी राहून बघतात. म्हणून पाच-पाचांचे गट करतात आणि मैदान छोटे आखतात. मग प्रत्येकाच्या पायाला पुन्हापुन्हा चेंडू लागतो. चेंडूही लहान घेतात, चार नंबरचा. मोठ्यांचा पाच नंबरचा असतो. गोलाला चार काठ्या पुरतात. भातकापणीनंतर खाचर रिकामे होते, तेथे खेळता येईल. पण आधी धसकटे काढा, पोरे अनवाणी असतात.

पोरींनाही खेळू द्या. कविताच्या गावच्या मुलखात हे वेगळे सांगायला नको.

पाय मुरगळला तर पोराला लगेच बसवा. गार पाण्याचे फडके लावा, पाय उंच ठेवा. ताज्या मुरगळीला चोळू नका, शेकू नका. आपल्याकडे लगेच तेल लावून रगडतात, त्याने सूज वाढते. पाय टेकवत नसेल तर दवाखान्यात न्या. सामना आहे म्हणून दुखऱ्या पायावर पोराला पळवणारा माणूस कोच नव्हे.

आणि ओरडू नका. पोर चुकले की लगेच शिवी देणारे पुष्कळ असतात. चुकले कुठे ते दाखवा आणि तेच पुन्हा करून घ्या. हे लिहायला सोपे आहे. हरत असताना जमत नाही.

कोचच्या हाती शिट्टी असते, तशी वहीही असते. वहीत पोराचे नाव, जन्मसाल आणि आईबापाचे नाव असते. कोण आले, कोण नाही आले, ते रोज लिहितात. द्राक्षाच्या कामाला घर निघाले की पोरही जाते, दोन-तीन महिने दिसत नाही. ते परत आले की वही उघडून बघायचे. उजव्या पायाने मारता येत होते, डाव्याने शिकवायचे राहिले होते. मग तेथून पुढे.

सांगा आणि लिहा :
१. क्लिफर्ड मिरांडा पोरवयात कोठे शिकले?
२. लहान पोरांचे पाच-पाचांचे गट का करतात?
३. तुमच्या पाड्यावर पूर्वी कबड्डी किंवा फुटबॉल चांगला खेळणारा कोण आहे? तो आता काय करतो? त्याच्याविषयी पाच ओळी लिहा.