कॅरम घ्यायला जाताना टेप सोबत न्या

वाढदिवसाला किंवा मुंजीत खेळ द्यायचा असेल, तर खोक्यावरच्या किमतीवर जाऊ नका. (खालचे सगळे आकडे अंदाजाचे, गावागणिक, दुकानागणिक फरक पडेल.)

लुडो-सापशिडीची घडीची पाटी शंभर-दीडशेला येते. सोंगटी हरवली की संपली म्हणतात, पण आमच्याकडे हरवलेल्या सोंगटीच्या जागी शर्टाचं बटण कितीतरी वर्षं घरी पोचत होतं. 'व्यापार' दोन-तीनशेत, मोनोपॉली हजाराच्या आसपास. खेळ जवळपास तोच, नोटांचा कागद तेवढा बरा. कतान तीन हजारांच्या पुढे. घरात खेळायला तिसरा भिडू नसेल तर घेऊच नका.

खरी फसगत होते कॅरममध्ये. सामन्याच्या बोर्डाची खेळायची जागा 74 सेंटिमीटर, म्हणजे 29 इंच. दुकानदार '32 इंची' म्हणतो तेव्हा चौकट धरून सांगतो. सहा-सातशेचा 20 इंची बोर्ड लहानग्याला पुरेसा वाटतो, पण त्याच्या बारक्या सोंगट्या हरवल्या की नेहमीच्या सोंगट्या त्याच्या पॉकेटात धड जात नाहीत. मग तो माळ्यावर.

मोठाच घ्या आणि प्लायची जाडी विचारा. 4 मिलिमीटरचा दीड-दोन हजारांना, 8 चा तीन हजारांच्या आगेमागे. घराला 8 पुरे. 12 चा क्लबसाठी ठीक, घरात तो उचलायचा कोणी? दुकानातच स्ट्रायकर मारून चारही कडा तपासा. एखादी कड मेल्यासारखी वाटली तर दुसरा बोर्ड काढायला लावा. स्टँड, सोंगट्या, स्ट्रायकर आणि पावडर यांचे हजारभर वेगळे धरा. स्ट्रायकर 15 ग्रॅमपेक्षा जड नको, सामन्यात चालत नाही. बोरिक पावडर स्वस्त पडते, पण घरात रांगतं मूल असेल तर स्टार्चची घ्या.

कॅरम, बुद्धिबळ, लुडोवरचा जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून 12 वरून 5 टक्क्यांवर आला आहे. छापील किमतीत कर धरलेलाच असतो. वर वेगळा लावला तर देऊ नका. ऐकलं नाही तर ग्राहक हेल्पलाइन 1915.

कागदात गुंडाळण्याआधी सोंगट्या मोजा: नऊ काळ्या, नऊ पांढऱ्या, एक राणी. मागच्या दिवाळीत आमची राणी दुकानातच राहिली होती.