शेंडीतली पश्चिमेची खिडकी

भंडारदऱ्याला मुक्कामाला जायचं म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे एक तर महागडं रिसॉर्ट येतं, नाही तर तलावाकाठचा तंबू. या दोन्हींच्या मधला एक पर्याय शेंडी गावात आहे आणि डोंगर चढायला येणाऱ्यांना तोच सगळ्यात सोयीचा आहे, असं माझं बऱ्याच फेऱ्यांनंतरचं मत आहे. हा पर्याय म्हणजे गावातलं साधं लॉज किंवा घरगुती मुक्काम. दोन खाटा, एक ट्यूबलाइट, बाहेर एक सामाईक गॅलरी आणि त्या गॅलरीतून दिसणारं पाणी. खोलीत याहून जास्त काही नसतं. म्हणूनच जे आहे ते नीट पारखून घ्यायला हवं.

आधी तलावाची ठेवण समजून घ्या, खोली त्यावरूनच ठरते. प्रवरा नदी रतनगडाच्या परिसरात उगम पावते आणि पूर्वेकडे वाहते. तिच्यावरच्या विल्सन धरणाचं काम १९१० साली सुरू झालं आणि १९२६ साली पुरं झालं. भिंत सुमारे २७० फूट उंच आहे. ही भिंत तलावाच्या पूर्व टोकाला आहे आणि शेंडी तिच्या जवळच. पाणी मात्र पश्चिमेला आणि नैर्ऋत्येला, रतनवाडीच्या दिशेने आत आत शिरलेलं. म्हणजे शेंडीतून पाहिलं तर सूर्य पाण्याच्या बाजूला मावळतो आणि सकाळचं पहिलं ऊन समोरच्या रांगेच्या माथ्यावर पडतं. ‘सनराइज व्ह्यू’ म्हणून कुणी जादा पैसे मागितले तर देऊ नका. पश्चिमेची किंवा दक्षिणेची खिडकी मागा.

एकदा मी फोनवर ‘लेक व्ह्यू’ एवढंच ऐकून खोली ठरवली होती. रात्री पोहोचलो, सकाळी उत्साहाने खिडकी उघडली, तर समोर शेजारच्या इमारतीची पाण्याची टाकी. तलाव दिसायचा, पण तो गच्चीवर गेल्यावर. तेव्हापासून मी एकच करतो. पैसे पाठवायच्या आधी मालकाला सांगतो की, दादा, खोलीत उभं राहून खिडकीतून आत्ताचा एक फोटो काढून पाठवा. ज्याच्याकडे खरोखर पाणी दिसतं, तो दोन मिनिटांत पाठवतो.

‘आत्ताचा’ या शब्दावर माझा भर आहे, कारण हा तलाव वर्षभर सारखा नसतो. धरणात सुमारे ११ टीएमसी पाणी मावतं आणि ते खाली प्रवरेच्या कालव्यांवरच्या शेतीसाठी आवर्तनं करून सोडलं जातं. पावसाळ्यात धरण भरलं की पाणी झाडांच्या बुंध्यांना टेकतं. डिसेंबरपर्यंत ही शोभा बऱ्यापैकी टिकते. पुढे आवर्तनं सुटत जातात तसा काठ मागे सरकतो आणि मे महिन्यात खिडकीतून आधी तपकिरी, भेगाळलेली जमीन दिसते, मग लांबवर पाण्याची पट्टी. मेच्या अखेरीपासून जूनच्या मध्यापर्यंत लोक काजवे पाहायला येतात. त्या दिवसांत तलाव दिसणाऱ्या खोलीसाठी वेगळे पैसे मोजण्यात अर्थ नाही. त्यापेक्षा मुरशेत, पांजरे किंवा साम्रद अशा आतल्या गावांत घरगुती राहा, काजव्यांची झाडं तिथून जवळ पडतात. आणि तिथे टॉर्च, हेडलाइट, मोबाइलचा फ्लॅश बंद ठेवा. काजव्यांचा तो विणीचा काळ असतो.

जुलै-ऑगस्टचं काय, हा प्रश्न नेहमी येतो. त्या दिवसांत घाटघरच्या बाजूने जे धुकं चढतं ते कधीकधी दोन-दोन दिवस हलत नाही. समोर तलाव आहे हे फक्त वाऱ्यावरून कळतं. धबधबे हवे असतील तर जरूर जा, पण शनिवार-रविवार टाळा. तलावाभोवतीच्या अरुंद रस्त्यावर गाड्यांची रांग लागली की अर्धा दिवस गाडीतच जातो. माझी शिफारस सप्टेंबरच्या मध्यापासून नोव्हेंबर अखेरपर्यंतची. रतनगडाच्या पठारावर सोनकी फुललेली असते, हवा धुतलेली असते आणि तलाव तुडुंब. त्यातही आठवड्याच्या मधले दिवस मिळाले तर खोली शांत मिळते.

खोलीत शिरल्यावर पिशवी टाकण्याआधी भिंतीला तळहात लावून पाहा. पाऊस संपल्यावर महिनाभर इथल्या भिंती ओल धरतात आणि ओलसर भिंतीलगतच्या गादीचा गारवा रात्री अंगात शिरतो. गादी थंड लागली तर खाट फूटभर पुढे ओढून घ्या आणि एक पातळ चादर स्वतःची न्याच. खिडकीची कडी लागते का तेही बघा. माकडं फार शिताफीने आत येतात. चढाईचे भिजलेले कपडे वाळवायला पाच-सहा मीटर दोरी सोबत असू द्या, गॅलरीच्या दोन खांबांना बांधली की काम भागतं. गरम पाण्याचा गीझर असेलच असं नाही, बादली मिळते. रात्री झोपतानाच सांगून ठेवा की पहाटे इतक्या वाजता लागेल. चूल पेटवून पाणी तापवायला कुणाला तरी आपल्या आधी तासभर उठावं लागतं.

जेवणाचंही तसंच. इथे मेन्यूकार्ड शोधू नका. दुपारीच सांगितलं तर रात्री नागलीची भाकरी, पिठलं, हिरव्या मिरचीचा ठेचा आणि वाफाळता भात मिळतो. एका घरी मावशी भाकरी थापताना मी चुलीपाशी बसलो होतो. परातीत नागलीचं काळपट पीठ, हाताला पाणी, आणि बघता बघता तव्याएवढी गोल भाकरी. तव्यावर तिच्या पाठीला पाणी फिरवलं की ती क्षणभर चमकते, मग निखाऱ्यांना उभी टेकवली की टम्म फुगते. असं जेवण ऐन वेळी मागून मिळत नाही, आणि मिळालं नाही म्हणून कुणावर चिडण्यात अर्थ नाही.

शेंडीत राहायचं की रतनवाडीत, हे चढाईवर ठरवा. फक्त रतनगड करायचा असेल तर सरळ रतनवाडीत मुक्काम करा. अमृतेश्वराचं देऊळ आणि कोनाड्यांची पुष्करणी संध्याकाळी निवांत पाहता येते आणि पहाटे दारातूनच वाट सुरू होते. पण एक दिवस कळसूबाई (१६४६ मीटर, वाट बारी गावातून) आणि दुसऱ्या दिवशी रतनगड असा बेत असेल तर शेंडी मधोमध पडतं. शेंडी–रतनवाडी–साम्रद–घाटघर–शेंडी हा तलावाचा फेरा चाळीसेक किलोमीटरचा आहे. स्वतःची गाडी नसेल तर गावातली जीप आदल्या रात्रीच ठरवावी लागते. हा सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, नाक्यावर प्रवेश शुल्काची पावती घ्या आणि जपून ठेवा.

मुंबईकरांनी इगतपुरीपर्यंत रेल्वेने यावं, तिथून घोटीमार्गे एसटी किंवा जीप. पुण्याहून संगमनेर, अकोले, राजूर असा रस्ता आहे. रोख पैसे आणि इंधन घोटीत किंवा राजूरमध्येच घ्या, पुढे मोबाइलची रेंजसुद्धा भरवशाची नाही.

पाण्याबद्दल एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. खिडकीतून शांत दिसणारा हा तलाव पोहण्याचा नाही. काठ निसरडा आहे आणि दोन पावलांवर तळ एकदम खाली जातो. या पाण्याखाली कधीकाळी कुणाची तरी शेतं होती. काठावर राहणाऱ्या महादेव कोळी आणि ठाकर कुटुंबांसाठी आज आपला मुक्काम हा हातात थेट येणारा पैसा आहे. म्हणून भाड्यात शंभर-दोनशेची घासाघीस करू नका, रात्री दहानंतर स्पीकर लावू नका, आणि प्लास्टिकच्या बाटल्या पिशवीत भरून परत घोटीपर्यंत न्या. गावात कचरा टाकायला दुसरी जागा नाही, तो पावसाबरोबर तलावातच जातो.