पसरलेला स्वादुपिंडाचा नेट : स्टेज, ग्रेड आणि पुढचा अंदाज

स्वादुपिंडात दोन प्रकारच्या पेशी शेजारी शेजारी राहतात. बहुतेक भाग अन्न पचवणारे रस तयार करतो. त्यात विखुरलेल्या लँगरहान्सच्या बेटांमधल्या पेशी इन्सुलिन, ग्लुकागॉन यांसारखी संप्रेरकं थेट रक्तात सोडतात. पाचकरसाच्या नलिकांतून उद्भवणारा अ‍ॅडिनोकार्सिनोमा म्हणजे सर्वांच्या ओळखीचा ‘स्वादुपिंडाचा कॅन्सर’. संप्रेरकं तयार करणाऱ्या पेशींच्या वळणाची गाठ म्हणजे न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर, डॉक्टरांच्या बोलण्यातला ‘नेट’. तो पुष्कळ कमी आढळतो आणि त्याची चाल वेगळी असते. मनोहर पर्रीकरांचं स्वादुपिंडाच्या कॅन्सरचं आजारपण गोव्यानं आणि तळकोकणानं २०१८ पासून १७ मार्च २०१९ पर्यंत जवळून पाहिलं. तेव्हापासून लांजा-राजापूरकडे स्वादुपिंडाचं नाव निघालं की घरात वर्षाचा हिशेब सुरू होतो. नेटच्या रुग्णाला हा हिशेब लावणं चूक ठरू शकतं. चूक दोन्ही बाजूंनी होते, कारण काही नेट त्याहून कितीतरी मंद असतात आणि त्यांच्याच जातकुळीतले काही कॅन्सर फार वेगवान असतात.

स्टेज म्हणजे आजार कुठवर पोचला याची नोंद. २०१७ साली आलेल्या एजेसीसी या अमेरिकी समितीच्या स्टेजिंग पुस्तिकेच्या आठव्या आवृत्तीनुसार स्वादुपिंडातच असलेली २ सेंटिमीटरपेक्षा लहान गाठ टी१, २ ते ४ सेंटिमीटरची टी२. त्याहून मोठी किंवा आद्यांत्रात, पित्तनलिकेत शिरलेली गाठ टी३. जठर, प्लीहा, मोठं आतडं असे शेजारचे अवयव किंवा मोठ्या रोहिण्यांची भिंत धरलेली टी४. जवळच्या लसीका ग्रंथींत आजार सापडला की एन१. दूर पसरला की एम१, आणि मग गाठ केवढीही असो, स्टेज चौथी. एम१चेही तीन पोटभाग आहेत : फक्त यकृतात पसरला तर एम१ए, यकृत सोडून अन्यत्र (फुप्फुस, हाडं, दूरच्या ग्रंथी) तर एम१बी, दोन्हीकडे असेल तर एम१सी. चौथ्या स्टेजच्या कागदावर हे छोटं अक्षर आहे का, ते पाहावं. यकृतात दोन गाठी असलेला आणि हाडांपर्यंत आजार गेलेला असे दोन्ही रुग्ण एकाच आकड्याखाली येतात. त्यांच्यावरचे उपचार मात्र एकसारखे नसतात.

पुढच्या अंदाजात स्टेजपेक्षा जास्त बोलतो तो ग्रेड. तो स्कॅनमध्ये दिसत नाही, सूक्ष्मदर्शकाखाली ठरतो. पेशी किती वेगानं विभागतात हे दोन रीतींनी मोजतात : ठरावीक क्षेत्रफळात विभागणाऱ्या पेशी किती दिसतात, आणि केआय-६७ नावाच्या प्रथिनाचा रंग शंभरातल्या किती पेशी घेतात. केआय-६७ ३ टक्क्यांच्या खाली असेल तर ग्रेड १, ३ ते २० टक्के ग्रेड २, २० च्या वर ग्रेड ३. दोन मोजणींचे ग्रेड वेगळे आले तर वरचा धरतात. ग्रेड ३ मध्ये आणखी एक फाटा आहे, आणि २०१७ च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणानं तो नीट वेगळा काढला. पेशींनी आपली मूळ घडण राखली असेल तर तो ग्रेड ३ नेट. घडण पूर्ण मोडली असेल तर तो न्यूरोएंडोक्राइन कार्सिनोमा, म्हणजे नेक. नेक हा वेगळाच, आक्रमक आजार आहे. त्यात सुरुवातीलाच प्लॅटिनमवर आधारलेली केमोथेरपी देतात आणि अंदाज महिन्यांत सांगितला जातो. नेट की नेक, हे कळण्याआधी कुणी आयुष्याचा आकडा सांगितला तर त्याला आधार नाही.

प्रस्तुत लेखिकेच्या घरी हाच क्रम उलटा झाला. लांजा तालुक्यातल्या एका गावातून तिच्या वडिलांना तपासणीसाठी बाहेर नेलं, तेव्हा यकृतातल्या गाठीच्या बायोप्सीचा पहिला अहवाल दीड ओळीचा होता : मेटास्टॅटिक कार्सिनोमा. ग्रेड नाही, केआय-६७ नाही, मूळ गाठ कुठली तेही नाही. त्या दीड ओळीवर घरच्यांना ‘काही महिने’ सांगण्यात आले, आणि मुंबईचे चाकरमानी भाऊबंद रजा टाकून गावी येऊ लागले. नंतर त्याच बायोप्सीचा ब्लॉक दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टनं पाहिला. सिनॅप्टोफायसिन आणि क्रोमोग्रॅनिन हे रंग लावले, आणि निदान निघालं ग्रेड २ नेट. स्टेज चौथीच राहिली, पण उपचारांची वाट बदलली आणि मुदतीचा प्रश्न महिन्यांवरून वर्षांवर गेला.

म्हणून पहिली मागणी अहवालाची नव्हे, ब्लॉकची करावी. बायोप्सीचा तुकडा मेणाच्या ठोकळ्यात जपलेला असतो. त्यातून नव्या स्लाइड कापता येतात. लेखी अर्ज देऊन तो रुग्णाला मिळतो. त्याच्याबरोबर मूळ स्लाइड आणि सीटी स्कॅनची सीडीही घ्यावी, नुसती छापील फिल्म पुरत नाही. रत्नागिरीहून रात्रीच्या गाडीनं मुंबईत परळच्या टाटा मेमोरियलला पोचायचं आणि तिथे ‘ब्लॉक आणा’ ऐकून परत फिरायचं, हा फेरा या पट्ट्यातल्या पुष्कळ घरांनी मारलेला आहे.

ग्रेड कळल्यावरही काही गोष्टी पारड्यात पडतात. यकृताचा किती भाग आजारानं व्यापला आहे, हाडांत आजार आहे का, रक्तातलं अल्कलाइन फॉस्फटेज वाढलं आहे का, रुग्णाचं वजन आणि चालणं-फिरणं कसं आहे. गाठ संप्रेरक सोडते का हेही पाहतात. इन्सुलिन सोडणारी गाठ पहाटे उपाशीपोटी साखर पाडते. माणूस बरळतो, घामाघूम होतो, कधी फिट येते, आणि ग्लुकोमीटर आणण्याआधी घरचे देवाला गाऱ्हाणं घालून मोकळे होतात. अशा गाठी बहुधा पसरत नाहीत, पण पसरलेल्या असतील तर साखर सांभाळणं हाच रोजचा उपचार होतो. शिवाय सगळ्या गाठी एकाच ग्रेडच्या असतील असं नाही. मूळ गाठ ग्रेड १ आणि यकृतातली ग्रेड २ असू शकते. काही वर्षांनी आजार अचानक वेग घेतो, तेव्हा पुन्हा बायोप्सी सुचवतात ती यासाठीच.

आता आकडे. अमेरिकेतल्या नोंदींत आजार स्वादुपिंडापुरता असेल तर पाच वर्षांनी हयात असणाऱ्यांचं प्रमाण ९० टक्क्यांच्या वर आहे, दूर पसरला असेल तर साधारण चौथा हिस्सा. या ‘चौथा हिस्सा’मध्ये सगळे ग्रेड एकत्र आहेत, आणि काही वर्षांपूर्वी निदान झालेले, म्हणजे आजचे सगळे उपचार न मिळालेले रुग्णही आहेत. दुसरा घोटाळा जास्त त्रासदायक आहे. २०११ साली एव्हरोलिमस या गोळीच्या चाचणीत ११ महिने विरुद्ध ४.६ महिने, आणि त्याच वर्षी सुनिटिनिबच्या चाचणीत ११.४ विरुद्ध ५.५ महिने असे आकडे आले. कुणीतरी पुतण्या मोबाइलवर ते वाचतो आणि ‘औषध घेतलं तरी अकराच महिने’ असं ओटीवर सांगतो. ते आयुष्याचे महिने नाहीत. आजार वाढण्यापूर्वी, किंवा त्याआधी मृत्यू झाल्यास तोपर्यंत, गेलेला तो मधला काळ आहे. त्यानंतर दुसरं औषध असतं, तिसरंही असतं. मधला आकडा म्हणजे निम्म्या रुग्णांचा काळ त्याहून जास्त, हेही त्या वाचनात निसटतं.

स्टीव्ह जॉब्सचं उदाहरण सगळ्यांना ठाऊक असतं. त्यांना नेटच होता. निदान २००३ मध्ये, शस्त्रक्रिया २००४ मध्ये, यकृताचं प्रत्यारोपण २००९ मध्ये, मृत्यू ५ ऑक्टोबर २०११ ला. इरफान खान यांनी मार्च २०१८ मध्ये न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर जाहीर केला, त्यानंतर हे नाव मराठी घरांतही पोचलं. २९ एप्रिल २०२० ला ते गेले. एकाची आठ वर्षं आणि दुसऱ्याची दोन, यांतून तिसऱ्याचा अंदाज काढता येत नाही.

उपचार निवडताना गॅलियम-६८ डोटाटेट पेट स्कॅन मोलाचा ठरतो. नेटच्या पेशींवर सोमॅटोस्टॅटिनचे ग्राहक असतील तर गाठी त्यात उजळतात. यकृतापेक्षा जास्त उजळल्या तर त्याच दारातून किरणोत्सारी लुटेशियम-१७७ आत सोडता येतं. साधारण आठ आठवड्यांच्या अंतरानं, बहुधा चार वेळा. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या नेटर-२ चाचणीत, ग्रेड २ च्या वरच्या टोकाच्या आणि ग्रेड ३ च्या रुग्णांत, या उपचारानं आजार थोपून राहण्याचा मधला काळ २२.८ महिने आला, तुलनेच्या गटात ८.५. कोकणाला हे दूरचं वाटू नये. लुटेशियम तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या ध्रुव अणुभट्टीत तयार होतं, आणि त्याच केंद्राचं रेडिएशन मेडिसिन सेंटर परळला टाटा मेमोरियलच्या आवारात हा उपचार देतं. साध्या एफडीजी पेटमध्ये गाठी उजळल्या आणि डोटाटेटमध्ये मंद राहिल्या, तर आजार वेगवान बाजूचा असण्याची शक्यता वाढते.

क्रोमोग्रॅनिन-ए या रक्ततपासणीवर मात्र फार झोप उडवून घेऊ नये. पँटोप्राझोल, ओमेप्राझोल अशा अ‍ॅसिडिटीच्या गोळ्यांनी आणि मूत्रपिंडाच्या दुर्बलतेनंही ती वाढते. तपासणीआधी या गोळ्या दोनेक आठवडे थांबवतात, तेही डॉक्टरांना विचारूनच. गॅस्ट्रिन सोडणारी गाठ असेल तर गोळी परस्पर बंद करणं जिवावर बेतू शकतं.

उपचारात ऑक्ट्रिओटाइड किंवा लॅनरिओटाइड असेल तर त्याचं इंजेक्शन दर चार आठवड्यांनी लागतं. तेवढ्यासाठी मुंबई गाठायची गरज नसते. डॉक्टरांची चिठ्ठी असेल तर ते गावाजवळ देता येतं. दोन्ही २ ते ८ अंश तापमानात ठेवावी लागतात, आणि पावसाळ्यात लांज्याची वीज दिवसभर गेली तर फ्रिजवर भरवसा नको, म्हणून बर्फाची पेटी तयार ठेवावी. दीर्घकाळ टिकणारं ऑक्ट्रिओटाइड टोचण्यापूर्वी सामान्य तापमानाला आणावं लागतं आणि कालवल्यावर लगेच द्यावं लागतं, नाहीतर सुई तुंबते आणि महागडी मात्रा वाया जाते. नर्सला पाकिटातली सूचनापत्रिका आधी वाचायला द्यावी. खर्चासाठी महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजनेत कोणता उपचार बसतो, ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला उपचाराची तारीख ठरण्याआधी विचारावं.

पुढचे स्कॅन सुरुवातीला बहुधा तीन ते सहा महिन्यांनी होतात. शक्यतो त्याच प्रकारचे आणि त्याच ठिकाणी करावेत, आणि तुलना फक्त मागच्या स्कॅनशी न करता पहिल्याशीही करायला सांगावं. मंद वाढणारी गाठ दर खेपेला दोन-तीन मिलिमीटरनं वाढते, तेव्हा प्रत्येक अहवालात ‘फारसा बदल नाही’ असंच येतं. दीड वर्षापूर्वीची सीडी शेजारी लावली की वाढ मोजता येते.