ठिबकाचा ऑटोमॅटिक व्हॉल्व्ह अडला तर आधी काय तपासावे?



ठिबकावर ऑटोमॅटिक व्हॉल्व्ह बसवले की आपण निर्धास्त होतो. पण एक व्हॉल्व्ह अडला तर तेवढाच तुकडा कोरडा राहतो आणि बाकीचा ऊस हिरवागार दिसतो. फुटव्याच्या दिवसांत हे आठ-दहा दिवस ध्यानात आले नाही, तर गेलेले फुटवे परत येत नाहीत. मग घाईने सबंध व्हॉल्व्ह बदलला जातो. प्रत्यक्षात दोष पुष्कळदा वायरच्या जोडात किंवा कचऱ्यात असतो. म्हणून आमचे सांगणे एकच : आधी दोष पाण्याचा की विजेचा हे ठरवा, मगच पाना हातात घ्या.

व्हॉल्व्ह चालतो कसा? आत रबरी पडदा, म्हणजे डायफ्राम असतो. बारीक छिद्रातून पाणी पडद्याच्या वर जाते आणि त्याच्या दाबाने व्हॉल्व्ह बंद राहतो. कंट्रोलरकडून २४ व्होल्टची वीज आली की कॉइल आतली खिट्टी उचलते, वरचे पाणी निसटते आणि पडदा उघडतो. वीज गेली की पुन्हा बंद.

पहिली परीक्षा हाताची. शेजारचा व्हॉल्व्ह चालू ठेवून पाइपात दाब राहू द्या आणि अडलेल्या व्हॉल्व्हची कॉइल किंवा हातखिट्टी पाव फेरा सैल करा. सगळे व्हॉल्व्ह बंद ठेवून पंप मात्र चालवू नका, पाइप फुटेल.

१) हातानेही उघडत नाही : दोष पाण्याचा. मागचा गेटव्हॉल्व्ह बंद आहे का, फिल्टर तुंबून दाब पडला आहे का, व्हॉल्व्हवरची चकती पूर्ण आवळलेली आहे का, पाणी निसटण्याची वाट बुजली आहे का, हे पाहावे.

२) हाताने उघडतो, कंट्रोलरने नाही : दोष विजेचा. कंट्रोलर बंद करून या व्हॉल्व्हच्या वायरी शेजारच्या चांगल्या कॉइलला जोडा आणि हाच नंबर चालू करा. शेजारचा उघडला तर आपली कॉइल गेली. नाही उघडला तर वायर किंवा कंट्रोलर पाहा. कंट्रोलरवर २४ व्होल्ट मिळतात पण व्हॉल्व्हपाशी नाहीत, तर वायर मध्येच तुटली आहे. उंदीर, कुदळ आणि नुसती चिकटपट्टी गुंडाळलेला ओला जोड ही नेहमीची कारणे. साधा टेस्टर २४ व्होल्टवर पेटत नाही, त्यामुळे ‘वीजच नाही’ असे समजू नये. मल्टिमीटर वापरावा. चांगली कॉइल साधारण २० ते ६० ओहम दाखवते. आकडाच आला नाही तर आतली तार तुटली, शून्याजवळ आला तर कॉइल जळाली. बॅटरीवरच्या कंट्रोलरची कॉइल वेगळी असते. तिला २४ व्होल्ट लावू नयेत आणि वायरींचे रंग उलटे जोडू नयेत.

३) बंदच होत नाही : आधी हातखिट्टी सैल राहिली आहे का ते पाहा. नसेल तर पंप बंद करून दाब सोडा आणि झाकण उघडा. पडद्याखाली खडा असतो, बारीक छिद्र बुजलेले असते किंवा पडदा फाटलेला असतो. धुऊन पडदा होता तसाच बसवावा आणि स्क्रू समोरासमोरचे थोडे थोडे आवळावेत. कचरा सापडला तर फिल्टरही उघडून पाहावा, नाही तर महिन्याभरात हेच काम पुन्हा निघेल.

पंपाच्या स्टार्टरला मात्र हात लावू नये. तिथे थ्री-फेज वीज असते, ते काम वायरमनचेच.

आठवड्यातून एकदा प्रत्येक नंबर चालू करून शेवटच्या लॅटरलपर्यंत चालत जावे. एक जादा कॉइल आणि एक पडदा घरात ठेवावा. एवढे केले तर व्हॉल्व्ह अडला तरी ऊस तहानेला राहणार नाही.

— ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग