सोडियम इलेक्ट्रॉन आपणहून देतो का?

प्रश्न : मी बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहे. एक इलेक्ट्रॉन दिला की सोडियमला निऑनसारखे स्थिर संरूपण मिळते. मग ऊर्जा बाहेर पडायला हवी. आयनीभवन ऊर्जा धन कशी?

उत्तर : अष्टकाचा नियम पाठ करताना हा समज हमखास रुजतो आणि तो मुळातून काढायलाच हवा. ३एस कक्षकातला तो इलेक्ट्रॉन केंद्रकाने धरून ठेवलेला असतो. आतल्या दहा इलेक्ट्रॉनांच्या आडोशामुळे पकड सैल होते, सुटत नाही. म्हणून तो काढायला मोलमागे ४९६ किलोज्यूल द्यावे लागतात. दुसऱ्यासाठी तर तब्बल ४५६२! निऑनसारख्या संरूपणाचे स्थैर्य दिसते ते या दुसऱ्या आकड्यात.

मग सोडियम क्लोराइड बनतेच कसे? क्लोरीन इलेक्ट्रॉन घेतो तेव्हा जेमतेम ३४९ परत मिळतात. शिवाय धातूचे वायुरूप अणू करायला १०७ आणि क्लोरीनचा बंध तोडायला, अर्ध्या मोलासाठी, १२१ खर्च होतात. हा सगळा तोटा भरून काढतो स्फटिक. वायुरूप आयनांचे जालक बनताना ७८७ बाहेर पडतात. बेरीज उणे ४१२ येते. मोजलेली निर्मिती ऊष्मा उणे ४११ आहे. हेच बॉर्न-हेबर चक्र, १९१९ सालचे.

प्रत्येक पायरीला अवस्था आणि चिन्ह लिहाच. बहुतेक गुण तिथेच जातात. आता सोडियमचे दोन इलेक्ट्रॉन काढून सोडियम डायक्लोराइडचे गणित मांडा. जालक ऊर्जा मॅग्नेशियम क्लोराइडइतकी, सुमारे २५०० धरा.