हंसांची जोडी आणलीस ना, मग ऐक

भाचीबाई, शेततळ्यावर राजहंसांची जोडी आणलीस म्हणे. विकणाऱ्याने "एक नर, एक मादी, खात्रीची" असं सांगितलं असेलच. मलाही सांगितलं होतं.

१. आधी पाखराचं नाव नीट घे – आपल्याकडे राजहंस म्हणून विकतात ते बहुतेक चिनी गूज, खरे हंस नव्हेत. आणि हतनूर धरणाच्या पाण्यावर थंडीत उतरणाऱ्या रानबदकांवर डोळा ठेवू नकोस, १९७२ च्या कायद्याने ती धरणं गुन्हा आहे.

२. चोचीच्या मुळाशी गाठ बघ, नराची मोठी असते – पण तरण्या नराची गाठ म्हाताऱ्या मादीपेक्षा बारकी दिसते. फेटा मोठा म्हणून नवरदेव ठरत नाही.

३. पहाटे दार उघडण्याआधी बाहेर उभी राहून कान दे – नराचा आवाज उंच नि चिरका, मादीचा जाड, बसका. बदकांत नेमकं उलटं, तिथे मादीच ठणाणा करते.

४. शेपटी उचलून तपासायचं धाडस करू नकोस – जाणत्या हाताचं काम आहे ते, अडाणी बोटांनी पाखरू दुखावतं.

५. घरट्यात अंड्यांची रास पडली तर हरखू नकोस – माझ्या जोडीने एकाच घरट्यात एकोणीस अंडी घातली, मी गावभर पेढे वाटायचा बाकी होतो. महिनाभर दोघी आळीपाळीने बसल्या, पिलू एक नाही. दोन्ही माद्या! तुझी मामी अजून त्यांना "जावा-जावा" म्हणते.

६. आळीपाळीने बसणं दिसलं की शंका घे – गुजांत मादीच उबवते, नर बाहेर राखण करतो. परदेशातल्या काळ्या हंसांत मात्र बापही बसतो, म्हणून एकाचा नियम दुसऱ्याला लावू नकोस. आपल्या आसोद्याच्या बहिणाबाईंनी सुगरणीच्या खोप्याचं गाणं केलं, पण तो खोपा विणतो नर. मादी येऊन पसंत करते.

७. घरटं तिला हवं तिथे करू दे, तू फक्त केळीचं वाळलेलं पान नि भुसा जवळ टाकून ठेव – जागा बदललीस की ती रुसून अंडी उघड्यावर टाकते.

८. वर सावली हवीच – जळगावचा उन्हाळा पंचेचाळिशीला टेकतो, उन्हात अंडं उबत नाही, शिजतं. शेजारी पाण्याचं घमेलं ठेव. ती डुंबून ओल्या छातीने परत बसते, तो ओलावा अंड्यांना लागतो.

९. दहाव्या दिवशी, ती चरायला उठली की अंधारात मोबाईलची बॅटरी अंड्याखाली धर – लाल शिरांचं जाळं दिसलं तर जीव आहे, नितळ दिसलं तर फोल. एकदाच बघ. रोज उघडलेलं झाकण दही लागू देत नाही. पुढे साधारण तिसाव्या दिवसापर्यंत हात घालू नकोस.

१०. कोंबड्या वेगळ्या ठेव – पाणपाखरं आजारी न दिसताही रोग वाहतात. २००६ साली नवापूरला बर्ड फ्लूने कोंबड्यांचं काय झालं, ते तुझ्या आईला विचार.

११. घरट्याकडे जाताना हातात खराटा ठेव, मारायला नव्हे, मध्ये धरायला – नर मान जमिनीलगत ताणून फुसफुसला की पुढे चावा ठरलेला. पाठ मात्र दाखवू नकोस. मी दाखवली होती.