उतरली म्हणजे सुटली, असं नाही

हायवेवरच्या ड्रायव्हरचा संशय आला की लोक आधी त्याच्या तोंडाचा वास घेतात. माझ्या तोंडाला कधी वास आला नाही, म्हणून घरात कितीतरी दिवस कुणाला काही कळलं नाही. मी चांदवडचा. कांद्याची गाडी चालवतो. इथून वाशी मार्केटला, कधी न्हावाशेव्याच्या बंदरावर. दारूला शिवलो नाही, तंबाखू लग्नाआधीच सोडली. माझं व्यसन मेडिकलच्या काउंटरवरून आलं, आणि पहिल्यांदा तर रीतसर बिलासकट.

सुरुवात कंबरेपासून झाली. हमाल कमी पडले की ड्रायव्हरनेच गोणीला पाठ लावायची, ही आमच्या लाइनची रीत. एका हंगामात कंबर धरली ती सुटेचना. फोटो काढला, तर मणक्यात गॅप निघाला. डॉक्टरांनी थोड्या दिवसांपुरतं ट्रामाडॉल लिहून दिलं. चिठ्ठीची मुदत संपली, पण माझी गोळी संपली नाही. तिने दुखणं थांबायचंच, शिवाय थकवाही कळायचा नाही. कसारा घाटात पहाटे जिथे डोळे मिटायचे तिथे मी गाणी म्हणत गाडी काढू लागलो. चिठ्ठी न मागता देणारे भेटत गेले. त्यांची नावं घेत बसत नाही. ट्रामाडॉल अफूच्याच जातीचं औषध आहे आणि २०१८ साली केंद्र सरकारने ते अमली पदार्थांच्या एनडीपीएस कायद्याखाली आणलं, हे मला फार उशिरा कळलं. माझ्या लेखी ती साधी पेनकिलर होती.

एकाच्या दोन झाल्या, दोनाचं पाकीट झालं. सकाळी घेतली नाही की जांभया सुरू, नाक गळायला लागायचं, आणि कंबर तर अशी ठणकायची की उभं राहवेना. कंबर दुखते म्हणून मी गोळी घेतोय, असं मी सगळ्यांना सांगायचो, स्वतःलाही. खरं तर गोळी उतरली की तीच कंबर दुखवत होती. जुन्या दुखण्यासाठी दीर्घकाळ असल्या गोळ्या घेणाऱ्या प्रत्येकाने एवढं एकच स्वतःशी तपासून पाहावं: दुखणं कामानंतर वाढतं, की गोळीची वेळ टळल्यावर?

मग बाजार समितीच्या आवारात, लिलावाच्या रांगेत गाडी उभी असताना, मला झटका आला. मला त्यातलं काही आठवत नाही, लोकांनी सांगितलं तेवढंच. कुणी चप्पल हुंगवली, कुणी कांदा फोडून नाकाला लावला. कांद्याच्या मार्केटात कांद्याला काय तोटा! एकाने दातांत किल्ल्यांचा जुडगा घालायचा प्रयत्न केला. शुद्धीवर आलो तेव्हा जीभ चावलेली, शर्टावर रक्त, आणि नाकाडोळ्यांची कांद्याने नुसती आग. ट्रामाडॉल जास्त झालं की झटके येतात, हे पुढे डॉक्टरांनी सांगितलं. हाच झटका राहुड घाटाच्या उतारावर आला असता, तर हे लिहायला मी राहिलो नसतो, आणि समोरून येणारेही काही राहिले नसते. (झटका आलेल्या माणसाला कुशीवर वळवा, डोक्याखाली काहीतरी मऊ द्या. तोंडात काहीही घालू नका. कांदा भाजीत घाला.)

त्या दिवशी हिने गाडीच्या सीटखालून रिकामी पाकिटं काढली आणि ओसरीवर वडिलांच्या, म्हणजे नानांच्या पुढे ओतली.

त्यानंतर झाला तो घरचा इलाज, आणि तोच मला सविस्तर सांगायचाय, कारण आमच्या तालुक्यात अजूनही तोच चालतो. नाना म्हणाले, "चार दिवस कोंडा याला. उतरंल आपोआप." आईने रेणुकामातेला नवस बोलला. मला माडीवरच्या खोलीत घातलं, बाहेरून कडी लावली. दुसऱ्या दिवसापासून पायांत कुणीतरी शिरलंय असं झालं. पाय स्वस्थ ठेवताच येईनात. भिंतीला टेकवून लाथा मारायचो. अंगावर काटा उभा राहायचा तो बसायचाच नाही. घाम येतोय आणि थंडीही वाजतेय. पोट वाहायला लागलं. मान वळवली की डोक्यातून वीज सर्रकन निघून जायची. हे लक्षण ट्रामाडॉलवाल्यांत दिसतं म्हणे. झोप तर नाहीच. हे बघवेना म्हणून एका हितचिंतकाने मालेगावहून झोपेच्या गोळ्या आणून दिल्या. अल्प्राझोलम. तिकडे तिला 'कुत्ता गोळी' म्हणतात.

आठवडाभराने मला बरा झालो म्हणून सोडलं. गावभर सांगितलं, पोराने गोळ्या सोडल्या. मी त्याच संध्याकाळी मंगरूळ टोलनाक्याच्या पुढे जाऊन गोळ्या मिळवल्या आणि पूर्वी घ्यायचो तेवढ्याच घेतल्या, वर एक कुत्ता गोळी. रात्री ही उठली ती माझ्या घोरण्याने. घोरणं थांबत थांबत येत होतं आणि ओठ निळे पडले होते. तिने मला बसतं केलं, तोंडावर पाणी मारलं, भावाला फोन लावला. व्यसन सोडल्यानंतरचं मरण ते हेच, आणि ते माझ्या उंबऱ्यापर्यंत येऊन गेलं. कोंडलेल्या दिवसांत शरीराची सवय मोडलेली असते. मनाला मात्र जुनाच हिशेब पाठ असतो.

नाशिकला नेलं ते मेव्हण्याने. "दाजी, देवळात शपथ घ्यायची तर नंतर घेऊ. आधी मानसोपचारवाल्याकडे चला." वेड्यांच्या डॉक्टरकडे नेतोय म्हणून मी वडाळीभोईपर्यंत त्याच्याशी बोललो नाही.

तिथे का घेतोस, कशाला लागलास, असं कुणी विचारलं नाही. पहिला प्रश्न होता, "शेवटची कॅप्सूल किती वाजता घेतली?" मी थाप मारली. हिने तिथल्या तिथे खरं सांगितलं आणि माझा जीव वाचवला, कारण पुढचं सगळं त्या वेळेवर बेतलेलं होतं. उपचाराला ब्युप्रेनॉर्फिन नावाची गोळी देतात. मेंदूत आधीचं औषध जिथे बसतं तिथेच ती बसते, आणि आधीचं अजून बसलेलं असेल तर त्याला ढकलून बाहेर काढते. म्हणजे घाईने दिली तर दोन दिवसांत यायचे हाल तासाभरात अंगावर येतात. म्हणून डॉक्टर थांबतात. शरीराने स्वतः तक्रार सुरू करेपर्यंत थांबतात. त्या वेळात एक नर्स कागद घेऊन यायची: नाडी किती, डोळ्यांच्या बाहुल्या केवढ्या, घाम, काटा, नाक, हातांची थरथर. प्रत्येकाला गुण. जांभया मोजणारी नर्स मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिली.

गुण पुरेसे झाल्यावर गोळी जिभेखाली ठेवायला दिली. गिळायची नाही, वर पाणी प्यायचं नाही, ती विरघळेपर्यंत बोलायचंही नाही. तासाभरात पाय शांत झाले. झोप आली नाही, पण आपले पाय आपले आहेत हे कळलं आणि मी रडलो. जुलाब-उलट्यांचं औषध वेगळं, पाणी तुटू नये म्हणून सलाइन वेगळं. झटका येऊन गेला होता म्हणून मेंदूची तपासणी झाली. शेजारच्या खाटेवरच्या पोराला क्लोनिडिन चालू होतं. त्यात रक्तदाब उतरतो, म्हणून प्रत्येक वेळी आधी बीपी बघायचे, मग गोळी. ही देखरेख घरात कोण करणार? नुसतं अफूच्या जातीचं औषध तुटल्याने माणूस सहसा मरत नाही, पण पाणी तुटून दगावू शकतो. आणि सोबत दारू किंवा झोपेच्या गोळ्यांची सवय असेल, तर त्या एकदम तोडल्या की झटके येऊन जीव जाऊ शकतो. माझ्या कुत्ता गोळ्यांची गोष्टही हिनेच सांगितली. मी तीही गिळून टाकणार होतो.

डिस्चार्जच्या दिवशी आई पेढे घेऊन आली. डॉक्टरांनी एक पेढा खाल्ला आणि म्हणाले, "आई, अंगातलं उतरलं. उपचार उद्यापासून सुरू." आईचा चेहरा पडला. मला मात्र माडीवरून सुटलो ती संध्याकाळ आठवली.

पुढचे रस्ते दोन, आणि कोणता घ्यायचा ते डॉक्टर ठरवतात. एक, ब्युप्रेनॉर्फिन महिनोन्‌महिने, गरज पडली तर वर्षानुवर्षं चालू ठेवायचं. दुसरा, नाल्ट्रेक्सोन, ते अफूच्या जातीच्या औषधाला जागाच देत नाही, पण शरीर आठवडा-दहा दिवस पूर्ण कोरडं झाल्यावरच सुरू करता येतं. माझं पहिलं चालू राहिलं. ती गोळी कुठल्याही मेडिकलवर मिळत नाही, मान्यताप्राप्त केंद्रातूनच घ्यावी लागते. म्हणजे एस.टी.ने नाशिकला खेपा आल्या.

नाना म्हणाले, "एक सोडायला दुसरी धरली. फरक काय?" हा प्रश्न भावकीत, पारावर, सगळीकडे झाला. मी सांगतो फरक. आधीची गोळी मला चढवायची, उतरवायची आणि पुन्हा शोधत फिरवायची. डोस वाढतच जायचा. ही चढवत नाही, वेळेवर एकदा घेतली की दिवस कामाला मोकळा राहतो. साखरेच्या गोळ्या खाणाऱ्या नानांना कुणी व्यसनी म्हणत नाही. आणि पारावरच्या मताला पुरावा उलटा आहे: जे लोक हे औषध चालू ठेवतात त्यांच्यात मरणाचं प्रमाण, औषध सोडलेल्यांच्या जवळपास निम्मं राहतं. डॉक्टरांना न विचारता, "आता बरा दिसतोय" म्हणून ती बंद करायला लावणारे नातेवाईक आपल्याच माणसाचा घात करतात. एवढं कडक बोलायचा हक्क मला आहे.

आपल्याकडे हे व्यसन नवीनही नाही. १९८०च्या दशकात मुंबई-पुण्यात ब्राऊन शुगर, म्हणजे गर्द, पसरली. अनिल अवचटांनी तिच्यावर लिहिलं, ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी आर्थिक मदत केली, आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र उभं राहिलं. डॉ. अनिता अवचटांनी तिथे औषधाइतकाच भर समुपदेशनावर, घरच्यांवर दिला. व्यसनींच्या बायकांसाठी 'सहचरी' गट झाले. मला त्यातली ही शेवटची गोष्ट सगळ्यांत पटते. माझ्यापेक्षा जास्त जागरणं हिने केली, आणि तिला मात्र कुणी विचारलं नाही, तुला झोप लागते का. केंद्र सरकारसाठी एम्सने केलेल्या २०१९च्या अहवालात देशात अफूच्या जातीचे पदार्थ घेणारे सव्वादोन कोटींवर निघाले. त्यांच्या बायका, आया कुणी मोजल्या नाहीत.

घरी आल्यावर डोस बसेपर्यंत गाडीला हात लावायचा नाही, असं बजावलं होतं. तो काळ वाईट. झोप तुटक, चिडचिड, कशात राम नाही. हे काही महिने चालतं हे आधी माहीत असेल तर माणूस घाबरत नाही. मी ओळखीचा धाबा सोडला, पेमेंट हिच्या खात्यात वळवलं, औषध हिच्या ताब्यात दिलं. कंबरेसाठी फिजिओथेरपी सुरू केली आणि गोण्या उचलणं बंद केलं. मालक कुरकुरला, कुरकुरू दे. दाताच्या डॉक्टरलाही आधी सांगतो की मला या जातीची पेनकिलर चालत नाही. मधे घसरलोही. फरक इतकाच की लपवलं नाही, दुसऱ्या दिवशी ओपीडी गाठली. डॉक्टरांनी डोस बदलला, भाषण दिलं नाही.

तुमच्या घरात कुणी असेल तर केंद्र निवडताना भिंतीवरच्या सुविचारांवर जाऊ नका. तिथे मानसोपचारतज्ज्ञ येतो का, रात्री कोण असतं, बाहेर पडल्यावर पुढची तारीख देतात का, हे विचारा. मारहाण, साखळी दिसली तर आल्या पावली परत फिरा. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यात व्यसनाचा आजारही येतो, आणि रुग्णाला साखळीने बांधायला त्यात सरळ बंदी आहे. पोलिसांच्या भीतीने उपचार टाळू नका. थोड्या प्रमाणातल्या प्रकरणात स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेणाऱ्या व्यसनीला एनडीपीएस कायद्याचं कलम ६४-अ संरक्षण देतं. नाशिक लांब वाटत असेल तर आधी चांदवडच्या उपजिल्हा रुग्णालयात जा आणि पुढे कुठे पाठवतात ते विचारा. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठी १४४१६ हे सरकारचे मोफत नंबर आहेत, फोन घरच्यांनीही करायचा.

आणि जाताना जी गोळी चालू आहे तिचं रिकामं पाकीट सोबत न्या. झोपेच्या गोळ्या असतील तर त्यांचंही न्या. माणूस डॉक्टरसमोर खोटं बोलतो. पाकिटावर औषधाचं नाव आणि मिलिग्रॅम छापलेलं असतं.